साडूची गाडी तापत नाही

३ जानेवारी, शनिवार. सकाळ.

वर्षाचे संकल्प. गाडी यंदा ट्रॅकवर धावणार म्हणजे धावणार. रेडिएटरचा डक्ट, इंजिनचा एअरबॉक्स, मधले पाइप, सगळं स्वतःच्या हाताने बनवणार. विकत आणलेला एक भाग जरी बॉनेटखाली दिसला तरी नाव बदलीन. आणि साडूचा विचार करणार नाही.

गाडीची परिस्थिती: जुनी, छोटी, दोन दारांची. मागची सीट, गालिचा, रेडिओ, हीटर, सगळं उपटून टाकलंय. बायको म्हणते, घर बदलताना सोडून दिलेल्या खोलीसारखी दिसते. इंजिन उत्तम. फक्त तापतं. जोरात पळवली की काटा लाल पट्ट्यावर जाऊन टेकतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

इलाज सोपा आहे. हवा. आणि हवा हा माझा विषय. ऑफिसांना एसी बसवणाऱ्या कंपनीत मी डक्टची, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांची, ड्रॉइंग काढतो. आजवर दुसऱ्यांच्या डोक्यावरून हवा नेली, आता स्वतःसाठी नेणार.

साडूबद्दल एकदाच लिहून विषय संपवतो. मेहुणीचा नवरा. दातांचा डॉक्टर. वयाने माझ्यापेक्षा लहान, केसांनी मोठा. गेल्या महिन्यात त्याने ट्रॅकसाठी जुनी गाडी घेतली. माझ्याच मॉडेलची. बाजारात दुसरं मॉडेल नव्हतंच जणू. पांढरी आहे. मी तिला मनातल्या मनात दाढ म्हणतो.

विषय संपला.

४ जानेवारी, रविवार.

रविवारी सासरी जेवण असतं. गेलो नाही. गाडीचं काम सुरू झाल्यापासून जातच नाही. बायको एकटी जाते, माझ्या वाटणीचं डब्यात घेऊन येते. सोयीचं आहे.

ॲल्युमिनियमचा पत्रा कापायला घेतला. डक्टचं तोंड जेवढं मोठं करता येईल तेवढं मोठं केलं. जितकं मोठं तोंड तितकी जास्त हवा. यात न समजण्यासारखं काही नाही.

बायको निघण्यापूर्वी गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होती. ती कपड्यांच्या कारखान्यात पॅटर्न कापते, तिच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. म्हणाली, आधी जाड कागदावर कापून दुमडून बघू का, मग पत्र्याला हात लावू. मी समजावून सांगितलं की पत्रा म्हणजे कापड नव्हे. मग विचारते, एवढी हवा आत येणार, ती बाहेर कुठून जाणार? म्हटलं, हवा तिची वाट शोधते. ती बरं म्हणाली. तिचं 'बरं' ऐकून कधीच बरं वाटत नाही.

संध्याकाळी: पत्रा दोन ठिकाणी उलटा दुमडला गेला. पत्र्याची क्वालिटी हल्ली राहिली नाही.

११ जानेवारी, रविवार.

साडूचा फोन. दादा, पत्रा किती जाडीचा घ्यावा? म्हटलं, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. कशाकशावर, असं विचारायला लागला. म्हटलं, अनुभवावर.

मग उगीच लांबण लावली. तुमचं काय चाललंय, डक्ट कुठपर्यंत आला, या रविवारी तरी जेवायला येणार होतात ना. उघड हेरगिरी आहे. एका शब्दाने पत्ता लागू दिला नाही. तरी फोन बराच वेळ चालला. ठेवताना थँक्यू दादा म्हणाला. कशाबद्दल थँक्यू? माणूस आतल्या गाठीचा आहे.

१३ जानेवारी, मंगळवार.

टायरच्या दुकानामागच्या वेल्डरकडे डक्ट जोडायला नेला. ॲल्युमिनियम नीट जोडणारा या भागात तो एकटाच, त्यामुळे त्याचा भाव चढलेला. त्याने माझे तुकडे एकमेकांना लावून पाहिले. मधल्या फटीतून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, साहेब, मी वेल्डर आहे, गवंडी नाही.

भरून दे म्हटलं. त्याने भरलं. उष्णतेने सगळा डक्ट पिळवटला. आता तो समोरून पाहिला तर डक्ट आहे आणि बाजूने पाहिला तर माणूस वाकून काहीतरी शोधतोय असं वाटतं.

तिथल्या भिंतीवर, खिळ्याला, ॲल्युमिनियमच्या पाइपचं एक कोपर टांगलेलं होतं. शिवण अशी की बोट फिरवावंसं वाटावं. हे काय, असं सहज विचारलं. वेल्डर म्हणाला, एका डॉक्टरांचा जादा झालेला पीस आहे, लोकांना नमुना म्हणून दाखवतो. मग विचारतो, तुमच्या ओळखीचे का?

नाही म्हणालो.

१८ जानेवारी, रविवार.

बायकोबरोबर साडूकडे गेलो. मेहुणीचं मिक्सरचं भांडं बरेच दिवस आमच्याकडे होतं, ते द्यायचं होतं. गॅरेज बघायला गेलो नव्हतो. गॅरेज वाटेत लागलं.

फरशी पांढरी. त्यावर तेलाचा थेंब नाही. हत्यारं ट्रेमध्ये, लहानापासून मोठ्यापर्यंत, खाली हिरवं कापड. एका बाजूला बसायला सोफा आणि जुनी मासिकं. साडू कपाळाला दिवा लावून गाडीच्या नाकात वाकला होता. इंजिनला हवा पुरवणाऱ्या एअरबॉक्सच्या तोंडाचा साचा घेत होता, रोग्यांच्या दातांचा घेतो त्याच गुलाबी मसाल्याने. आम्ही बघत असतानाच साचा सुटून आला. गुळगुळीत. आत एक बुडबुडा नाही. मग दात घासायच्या त्या छोट्या मशीनने त्याने पाइपचं तोंड घासलं, तुतारीसारखं, हवा कुठे अडखळू नये म्हणून.

दादा, कसं वाटतंय? मी सगळीकडून फिरून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. शेवटी सांगितलं की दिवा जरा डोळ्यांवर येतो.

तो लगेच दिवा बंद करून म्हणाला, बरोबर आहे तुमचं.

घरी येताना बायकोने विचारलं, पोटात दुखतंय का. म्हटलं, नाही. ती म्हणाली, मला वाटतंय दुखतंय.

२१ जानेवारी, बुधवार.

ऑफिसात साहेबांनी ड्रॉइंग परत पाठवलं. बँकेच्या तिसऱ्या मजल्याचं. हवा आत सोडणारे सगळे डक्ट दाखवलेत, परतीची जाळी एकही नाही. विचारत होते, आत सोडलेली हवा बाहेर जाणार कुठून, लोक काय फुग्यात बसणार का?

मन थाऱ्यावर नव्हतं, गुलाबी मसाल्याचा विचार चालला होता. दुपारभर जाळ्या काढल्या. या लोकांना बारीकसारीक गोष्टीतच रस. मोठं चित्र कोणी बघत नाही.

२५ जानेवारी, रविवार.

सासऱ्यांनी त्यांची बाकावर बसवायची, काम घट्ट पकडून ठेवणारी लोखंडी व्हाइस साडूला दिली.

ती व्हाइस मला मिळणार हे मी लग्नापासून गृहीत धरलं होतं. स्थळ बघायला गेलो तेव्हाच पाहिली होती. मुलीकडे नंतर पाहिलं. बायकोला हे कधी सांगितलेलं नाही.

बायको म्हणाली, बाबा जेवताना विचारत होते की ही व्हाइस कोणाला हवीय का. तू तिथे नव्हतास. डॉक्टर म्हणाले, दादांना विचारा आधी. बाबा म्हणाले, दादा आहेत कुठे?

म्हणजे मला डावललं, ते मी हजर नाही म्हणून. असं असतं का कुठे?

१ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

डक्ट बसला. सुंदर दिसतो. बंपरच्या खाली तोंड वासून आहे. शेजारचे काका म्हणाले, गाडी जांभई देतेय.

बाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर चाचणी घेतली. पहिली काही मिनिटं काटा जागेवर. मग चढू लागला. आधी जेवढा चढायचा त्याहून लवकर चढला. शेवटी बॉनेटच्या कडांतून वाफ. रस्त्याच्या कडेला थांबून पाणी ओतलं. एक बाई सायकल थांबवून विचारत होती, चहा आहे का?

कारणं शोधली. ऊन होतं. वारा समोरून नव्हता. पेट्रोल दुसऱ्या पंपावरचं. डक्टचा दोष निघत नाही.

निष्कर्ष: तोंड आणखी मोठं हवं.

८ फेब्रुवारी, रविवार.

आज जे कळलं ते लिहावं की नाही हा प्रश्न आहे. लिहितो.

साडूकडे पाना मागायला गेलो. खरोखरच पाना हवा होता. साडू घरातल्याच दवाखान्यात रोगी बघायला गेला होता. टेबलावर त्याच्या नव्या डक्टचे कागदी पॅटर्न पसरलेले. जाड तपकिरी कागद. दुमडायच्या रेषा तुटक, कापायच्या सलग, जोडायच्या कडांवर छोट्या खाचा. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेलं: 'डावी बाजू', 'ही कड आत', 'इथे ताण येतो, सैल ठेवा'.

अक्षर ओळखीचं. आमच्या घरातल्या डाळीच्या डब्यांवर तेच अक्षर आहे.

मी पाना न घेता परत आलो.

बायकोला विचारलं. अगदी शांतपणे विचारलं. तिला वाटलं मी ओरडतोय. म्हणाली, हो, मी कापून दिले, गेल्या दोन रविवारी जेवणानंतर. त्यांनी विचारलं. म्हटलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुला विचारलं होतं. तू म्हणालास पत्रा म्हणजे कापड नव्हे.

मग ती जे म्हणाली ते अजून कानात आहे. "त्या माणसाने मला कागद आणि कात्री दिली आणि बाजूला सरकून उभा राहिला. तू मला गॅरेजच्या दारातून आत तरी घेतलंस का कधी?"

यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे आहे. आठवलं की लिहीन.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

आठवलं नाही.

'इथे ताण येतो, सैल ठेवा.' परक्या माणसाच्या गाडीला एवढी माया. माझ्या शर्टाचं बटण आठवडाभर लोंबतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार.

साडूचा फोन. दादा, एक सल्ला हवा होता. डक्टमधून येऊन रेडिएटरमधून गेलेली गरम हवा बाहेर काढायला बॉनेटला वरून झरोके कापावेत असं म्हणतोय. तुमचं काय मत?

आता इथे प्रामाणिकपणे लिहितो, कारण ही रोजनिशी माझी आहे. झरोके चांगले असावेत असं मला आतून वाटलं. म्हणून म्हटलं, बॉनेटला अजिबात हात लावू नका. पाणी आत जाईल, पत्रा कमजोर होईल, गाडीचा चेहरा जाईल. तो म्हणाला, तुम्ही म्हणता तर नाही कापत.

इतक्या पटकन ऐकलं की मला जरा कसंतरी झालं. पण मत विचारलं होतं, मत दिलं. मत द्यायला काय शपथ घ्यावी लागते?

संध्याकाळी बटण स्वतः लावलं. शर्ट बनियनला शिवला गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार.

नवा मोर्चा: एअरबॉक्स. इंजिनला श्वास घ्यायला थंड हवा हवी. मी मोठा चौकोनी डबा बनवला आणि रेडिएटरच्या मागे, जिथे जागा होती तिथे बसवला. बायको दारात उभी होती. यावेळी मी स्वतःहून म्हणालो, ये आत. ती आली. डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. म्हणाली, इथे तर गरम हवा येतेय, इंजिन हीच हवा घेणार का?

आत घेतलं की हे असं होतं.

तिला सांगितलं, वेगात थंड होईल. बरं म्हणाली.

१ मार्च, रविवार.

पुन्हा चाचणी. काटा लाल पट्ट्यात. मी बराच वेळ मीटरकडे टक लावून विचार केला आणि लक्षात आलं की मीटर जुना आहे. जुना मीटर जास्त दाखवतो. ड्रायव्हरवर त्याचा नाहक ताण येतो. लाल पट्ट्यावर काळी टेप लावली.

परत चाचणी. काटा आता लाल भागात जात नाही.

८ मार्च, रविवार.

ट्रॅकच्या दिवशी सासरे, मेहुणी, बायको, सगळे येणार आहेत. साडूने सर्वांना गोळा केलंय. एकत्र जाऊ म्हणतो, डबे घेऊन. माणसाला प्रेक्षक लागतात.

बायकोने विचारलं, मला तुझ्या गाडीचं काही करायचं असेल तर आत्ता सांग, नंतर वेळ नाही. क्षणभर वाटलं, सांगावं. कागद आणि कात्री कपाटात आहेत हे मला माहीत आहे. पण आता तिचा हात लागला असता तर लोक म्हणाले असते, साडूसारखाच बनवला. नको म्हणालो.

गाडी तयार आहे. मी तयार आहे. एकदा काय ते होऊन जाऊ दे.

१५ मार्च, रविवार. सकाळ, ट्रॅकवर.

शहराबाहेरचा ट्रॅक. कडेने टायरांच्या राशी, मधे सुकलेलं गवत. नारंगी जॅकेट घातलेला मार्शल सगळ्यांना झेंड्यांचा अर्थ सांगतोय. मला माहीत आहे.

दाढ शेजारीच उभी आहे. पुसून आलेली. बॉनेट अखंड आहे, पाहिलं. जरा बरं वाटलं.

साडू धावत आला आणि म्हणाला, दादा, तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्ही बॉनेट कापू नका म्हणालात, म्हणून आम्ही गरम हवा चाकांच्या मागून बाजूने काढली. वहिनींनी पॅटर्न कापला. बॉनेट कापलं असतं तर काचेवर पाणी उडालं असतं. आता काटा अर्ध्यावरून हलत नाही. तुमच्यामुळे.

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट सल्ला असा फळाला आला.

आमचा गट आता आत जाणार. वही दप्तरात ठेवतो.

त्याच दिवशी, दुपार.

झालं ते असं.

पहिलं वळण उत्तम घेतलं. दुसरं त्याहून उत्तम. सरळ पट्ट्यावर जोर लावला तेव्हा वाटलं, आता हीच ती. तेवढ्यात पुढे काही दिसेनासं झालं. धुकं वाटलं. धुकं बॉनेटमधून येत होतं. मग फट्ट असा आवाज झाला आणि रेडिएटरचा वरचा पाइप सुटून हिरवं पाणी ट्रॅकभर पसरलं. मागच्या दोन गाड्या त्यावरून घसरून गवतात गेल्या. कोणाला लागलं नाही, लिहून ठेवतो.

लाल झेंडा. सगळ्यांचं सेशन बंद. माणसं पिशव्यांतून भुकटी आणून टाकत होती आणि झाडत होती. मला टो ट्रकने ओढून नेलं, सगळ्यांच्या समोरून. मी खिडकीतून मार्शलशी काहीतरी तांत्रिक बोलतोय असा चेहरा ठेवला. मार्शल फक्त एवढं म्हणाला, मीटरवर टेप कोणी लावली?

सासरे खुर्ची घेऊन सावलीत बसले होते. म्हणाले, गाडी फार गरम झाली वाटतं. हो म्हणालो. 

मग साडूचा नंबर लागला. मी वाट बघत होतो. कशाची ते लिहायची गरज नाही.

दाढ निघाली. आवाज गोड. एक फेरी झाली आणि साडू परत आत आला. दार उघडून कसाबसा उतरला, हेल्मेट काढलं, तोंड साचा घ्यायच्या मसाल्यासारखं फिकट गुलाबी, मग पांढरं. टायरांच्या राशीमागे गेला आणि ओकला. मेहुणी पाण्याची बाटली घेऊन धावली.

सकाळपासून पहिल्यांदा मला एकदम ताजंतवानं वाटलं. ती भावना फार वेळ टिकली नाही, पण होती.

साडू तोंड पुसत माझ्याकडे आला. किल्ली पुढे केली. दादा, गाडी गार आहे, पेट्रोल भरलेलं आहे, तुमचं सेशन वाया गेलं. तुम्ही न्या.

मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मला माहीत. पण काटा अर्ध्यावर ठेवून धावणारी ती गाडी मी चालवली असती तर ती चांगली आहे हे माझ्याच पायांना कळलं असतं. मी म्हणालो, दुसऱ्याची गाडी चालवायची नाही हा माझा नियम आहे. हा नियम मी तिथल्या तिथे केला.

किल्ली तशीच त्याच्या हातात. बायको पुढे झाली. "मग मी नेऊ का?"

कोणी काही बोलायच्या आत तिने माझं हेल्मेट घेतलं आणि डोक्यात घातलं. बरोबर बसलं. माझं डोकं मोठं आहे असा माझा समज होता.

ती कारखान्याची व्हॅन चालवते, माल पोचवायला माणूस नसला की. पहिली फेरी हळू. दुसरीत वळणांची नेमकी रेष धरली. तिसरीत वळणावर गाडी अशी गेली, जशी ती कापडावरून कात्री नेते, मधे न उचलता. मार्शलने मान हलवली. माझ्या बाबतीत त्याने वेगळी हलवली होती.

मी वेळ मोजली नाही. मेहुणीने मोजली, मला फक्त दिसली.

साडू आणि मी कठड्यावर बसलो. तो लिमलेटची गोळी चघळत होता. मी विचारलं, डॉक्टर, असं अचानक काय झालं?

"अचानक नाही हो," तो म्हणाला. "मला गाडी लागते. लहानपणापासून. शाळेच्या बसमध्ये पिशवी घेऊन बसायचो."

"मग ही भानगड केलीत कशाला?"

त्याने गोळी गालात सरकवली. मग म्हणाला, "तुम्ही रविवारी यायचं बंद केलंत. जेवण झालं की बाबा झोपतात, या दोघी आत बोलत बसतात. मी आपला सोफ्यावर. आधी तुम्ही असायचात. वाटलं, आपल्याकडे पण तशी गाडी असली तर तुम्हाला फोन करायला काहीतरी निमित्त होईल."

दाढ समोरून गेली. बायकोने आमच्याकडे पाहिलंही नाही.

मी म्हणालो, "गोळी आहे का अजून एक?"

त्याने दिली. आम्ही दोघं चघळत बसलो.

१६ मार्च, सोमवार.

साडू म्हणाला त्याचा सर्व बाजूंनी विचार केला. यात काहीतरी डाव असणार. अजून सापडलेला नाही.

ऑफिसात पुन्हा लक्ष लागलं नाही. सोफ्यावर एकटा बसलेला दातांचा डॉक्टर सारखा डोळ्यांसमोर येतो. तो फोन करायचा आणि मी म्हणायचो, अनुभवावर अवलंबून असतं.

२२ मार्च, रविवार.

सासरी जेवायला गेलो. निमित्त काही नव्हतं, आधी कळवलंही नाही, नुसता गेलो. सासऱ्यांनी विचारलं, आज काम नाही? मेहुणीने ताट वाढून आणलं, जणू काही मी दर आठवड्याला येतो.

जेवणानंतर सासरे झोपले. त्या दोघी आत. साडू सोफ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या.  मग मी मनाचा हिय्या करून म्हणालो, डॉक्टर, त्या झरोक्यांबद्दल मी मुद्दाम चुकीचं सांगितलं होतं.

तो म्हणाला, माहीत होतं. वहिनी म्हणाल्या होत्या, हा नको म्हणाला म्हणजे कल्पना चांगली असणार.

यावर तो हसला. मी ठरवलं होतं हसायचं नाही.

आतून बायकोचा आवाज आला, हळू हसा, बाबा झोपलेत.

५ एप्रिल, रविवार. सकाळ.

ताजी परिस्थिती. साडूने गाडी चालवणं सोडलं, बनवणं सोडलं नाही. दाढ आता बायको चालवते. पुढच्या महिन्यातल्या ट्रॅकच्या दिवसासाठी तिने नाव नोंदवलं. माझ्या गाडीचं इंजिन उघडून पाहिलं तर तापून हेड वाकलंय, म्हणजे इंजिन संपलं. चांगले होते ते भाग दाढेला गेले. म्हणजे एक स्टार्टर आणि एक आरसा.

कोणाचा हेवा करायचा याचा आता गोंधळ होतो. साडूचा करावा तर तो ओकतो. बायकोचा करणं बरं दिसत नाही, पण घरातल्या घरात आहे, लांब जावं लागत नाही. काल ती वळणाबद्दल साडूशी बोलत होती, हातांनी रेष दाखवत. मी भांडी घासत होतो. बशी फुटली.

आज सगळा दिवस साडूच्या गॅरेजमध्ये. बायको टेबलावर नवा कागद कापते, साडू कपाळाचा दिवा लावून बघतो, मी गाडीखाली पाठीवर झोपून डक्ट वर धरून ठेवतो. माझे हात लांब आहेत, या कामाला तेच लागतात असं दोघांचं मत पडलं. 'जरा डावीकडे' म्हणाली की डावीकडे नेतो.

खालूनच मी विचारलं की पुढच्या वेळी मला एखादी फेरी मिळेल का. ती हो म्हणाली.

बघू म्हणाली, खरं तर.